गेटपासून आठ आठवडे

५ एप्रिल

धाकट्या,

फोन तू उचलत नाहीस, म्हणून कागद घेतला. पत्र रेडिओच्या हाती देते आहे. सव्वासातची गाडी अजून त्याच्याचकडे आहे. तुझ्या गावच्या स्टँडवर ती दहा-चाळीसला पोचते, म्हणजे पोचतेच, कारण ती वेळ मी बसवलेली आहे. या ड्रायव्हरला सगळा डेपो रेडिओ का म्हणतो ते तुला ठाऊक आहे. पाकीट बंद असलं तरी आतला मजकूर तो तुला आधीच ऐकवेल. तरीही वाच, कारण तो तिखटमीठ लावतो.

एक आधीच सांगते. मदत मागायला लिहीत नाहीये. मार्चमध्ये माझं एक ऑपरेशन झालं, पोटाचं. झालं, संपलं, घरी आले. तुला हे तिसऱ्याच्या तोंडून कळू नये, एवढ्याचसाठी. सहा वर्षं बोलत नाहीस म्हणून भाऊ नाहीस असं थोडंच आहे?

सध्या रजेवर आहे, पण रिकामी बसलेली नाही. जूनपासूनचं नवं वेळापत्रक घरीच करते आहे. जेवायच्या टेबलावर मोठा तक्ता पसरलाय आणि मी जेवते ओट्यापाशी उभ्यानं. एकशे बारा गाड्या आहेत. ऑफिसातला संगणक हे काम तासाभरात करतो आणि मग मी दोन दिवस त्याच्या चुका काढते. परवा त्यानं एकाच ड्रायव्हरला एकाच वेळी दोन गावांत उभा केला होता. नवा साहेब म्हणाला, ‘बाई, तुम्ही निवृत्त झाल्यावर आमचं कसं व्हायचं?’ मी म्हटलं, ‘गाड्या उशिरा सुटतील, दुसरं काय!’

बत्तीस वर्षांत माझ्या कागदामुळे एक गाडी उशिरा सुटलेली नाही. ड्रायव्हरमुळे सुटल्या असतील. लवकरही सुटल्या. ते तुला सांगायला नको.

ताई


१४ एप्रिल

धाकट्या,

रेडिओ म्हणाला, तू शाळेच्या बसला टेकून पत्र वाचलंस, घडी घालून खिशात ठेवलंस आणि काही बोलला नाहीस. मी म्हटलं, ‘अरे, काहीतरी म्हणाला असेल!’ तर म्हणे, ‘बाई, चेहरा बघून मीच गप्प बसलो.’ रेडिओ गप्प बसला म्हणजे तुझा चेहरा काय झाला असेल! म्हणून आता नीट सांगते. गेल्या वेळी पोटाचं ऑपरेशन म्हटलं ते खोटं नव्हतं, पण पुरतंही नव्हतं.

मोठ्या आतड्याचा कॅन्सर. घे, लिहून टाकला शब्द. ४ मार्चला ऑपरेशन झालं. सर्जनबाईंनी वीतभर आतडं काढलं आणि दोन टोकं जोडून दिली. सहा दिवसांत घरी जाल म्हणाल्या होत्या, पण जखमेत पू झाला आणि अठरा दिवस ठेवून घेतलं. बावीस मार्चला सुटले. कापलेल्या भागाबरोबर चौदा गाठी तपासल्या, त्यातल्या दोनमध्ये सापडला. याला तिसरी पायरी म्हणतात. चौथीच्या अलीकडची, म्हणून तोंड पाडायचं कारण नाही.

आता केमो. दर तीन आठवड्यांनी एक सलाइन आणि मधल्या काळात गोळ्या. सर्जनबाईंनी मला बजावून सांगितलं की याला वेळ महत्त्वाची. फार लवकर घेतलं तर जखम भरत नाही. फार उशीर केला, तर आत एखादी पेशी नजर चुकवून राहिली असेल तिला बस्तान बसवायला फावतं. आठ आठवड्यांच्या आत सुरू व्हायलाच हवं. मला हसूच आलं. म्हटलं, ‘डॉक्टर, लवकर नाही आणि उशिरा नाही, हे मला सांगताय? जन्म गेला त्यात माझा.’

तारीख मीच ठरवली. काउंटरवरची मुलगी म्हणाली, ‘कधीची देऊ?’ मी म्हटलं, ‘चौदा मे.’ दहा मेला तक्ता ऑफिसात द्यायचा आहे, मग मी मोकळी. आठ आठवडे सतरा मेला भरतात, म्हणजे तीन दिवस हातात राखलेत. मोजलं अर्थातच हॉस्पिटलच्या गेटपासून. हसू नकोस. तुम्हा ड्रायव्हर लोकांची जुनी कटकट आठवते ना, की आम्ही अर्धा तास आधी येतो, पाणी बघतो, टायर ठोकतो, इंजिन तापवतो, ते का धरत नाही? आणि मी दर वेळी सांगायचे की गाडी गेटबाहेर पडली की वेळ सुरू. शेडमध्ये उभी असलेली गाडी प्रवासात धरत नाहीत. जेवताना आपण यावरून किती भांडलो असू! आई ताट घेऊन आत जाऊन बसायची.

अठरा दिवस मी शेडमध्येच होते म्हण.

ताई


२१ एप्रिल

धाकट्या,

जखम बुजली. शेवटचा कोपरा राहिला होता, तोही काल सुकला. सर्जनबाई म्हणाल्या, ‘छान, आता वेळ घालवू नका, केमोच्या डॉक्टरांना गाठा.’ मी म्हटलं, ‘तारीख घेऊन ठेवली आहे.’ त्या खूश झाल्या. कोणती ते त्यांनी विचारलं नाही, मीही सांगितलं नाही. बाहेर पंचवीस माणसं ताटकळली होती.

तब्येत उत्तम आहे. काल जिन्यात बसले होते, पण दमले म्हणून नाही, बुटाची नाडी बांधायला. पायात चपला होत्या ही गोष्ट वेगळी.

तू अजून उत्तर देत नाहीस. नको देऊस. सुंभ जळला तरी पीळ जात नाही, आणि हे मी तुझ्याबद्दल म्हणते आहे. पण सहा वर्षांत मला एकदाही बोलायची संधी दिली नाहीस, म्हणून आज बोलते.

सहा-दहाची गाडी तू सहा-सहाला काढलीस. गाडी भरली होती, लोक उकडत बसले होते, कशाला चार मिनिटं थांबायचं, असं तुझं म्हणणं. पण एक मुलगी सहा-आठला स्टँडवर आली. परीक्षेला निघाली होती. गाडी गेलेली. तिचा पेपर बुडाला आणि तिच्या बापानं तक्रार केली. चौकशीच्या आदल्या संध्याकाळी तू माझ्याकडे आलास, याच टेबलाशी बसलास आणि म्हणालास, ‘ताई, चौकशीत एवढंच सांग की त्या दिवशी वेळ बदलून सहा-सहा केली होती.’ एका ओळीचं काम होतं. मी नाही म्हणाले. दुसऱ्या दिवशी तेव्हाच्या साहेबांनी विचारलं तेव्हा खरी वेळ सांगितली. तुला तीन महिने घरी बसवलं आणि ते संपायच्या आत तू राजीनामा तोंडावर फेकून गाव सोडलंस. जाताना म्हणालास, ‘तुला भाऊ नकोच आहे, तुला वेळापत्रक पुरे.’

मी खोटं बोलले नाही. त्याचा मला अभिमान होता आणि आहे. पुन्हा विचारलं तर पुन्हा सहा-दहाच सांगेन.

रेडिओ सांगत होता, शाळेची पोरं जागेवर बसल्याशिवाय तू बस हलवत नाहीस. एखादं घरातून यायचं राहिलं तर खाली उतरून दार वाजवतोस. ऐकून बरं वाटलं. एवढंच.

ताई


२५ एप्रिल, सकाळी

सहा वर्षांनी उत्तर लिहिलंस, तेही चार ओळींचं, तेही माझी चूक काढायला! वा रे पठ्ठ्या!

‘ताई, ऑपरेशन चार मार्चला झालं. चार मार्च ते चौदा मे एकाहत्तर दिवस होतात. आठ आठवड्यांचे छप्पन्न. आतड्याला गेट माहीत नसतं, इंजिन सुरू झालं तिथून मोज. आजच्या आज जा.’

मोजमाप मला शिकवतोस? मला? तू शाळेचा टाय बांधायला शिकलास ते माझ्याकडून. गाडीचं घड्याळ लावायला शिकलास तेही माझ्याकडून. डॉक्टरांनी आठ आठवडे म्हटलं, मी आठ आठवडे धरले. रुग्ण घरी गेल्याशिवाय बरा व्हायला सुरुवात होते का? हॉस्पिटलात पडून राहायचे दिवस कोण धरतं? उंटावरून शेळ्या हाकणं सोपं असतं, धाकट्या. इथं येऊन बघ म्हणजे

दुपारी

वरचं वाक्य अर्धवट सोडून फोन केला. तुझं तोंड बंद करावं म्हणून केला.

वॉर्डमधल्या नर्सनं उचलला. मी म्हटलं, ‘एक साधी गोष्ट विचारायची आहे. आठ आठवडे कुठून धरतात?’ ती म्हणाली, ‘ऑपरेशनच्या दिवसापासून.’ मी म्हटलं, ‘घरी सोडल्यापासून नाही?’ ती म्हणाली, ‘नाही हो मावशी. ऑपरेशन झालं की शरीराचं घड्याळ सुरू झालं. तुम्ही कुठल्या खाटेवर आहात ते त्याला काय कळतं!’

फोन ठेवून कॅलेंडर काढलं. बोट ठेवून एकेक दिवस मोजला. छप्पन्नावा दिवस एकोणतीस एप्रिल. आज पंचवीस. मी स्वतःला दहा आठवड्यांवर नेऊन ठेवणार होते आणि वर तीन दिवस हातात राखले म्हणून मिरवत होते.

दिव्याखाली अंधार म्हणतात तो असा. एकशे बारा गाड्यांची मिनिटं सांभाळणारी बाई स्वतःचे दोन आठवडे हरवून बसली. मला खूप राग आला. आधी तुझा, मग नर्सचा, मग त्या काउंटरवरच्या मुलीचा, आणि कोणीच उरलं नाही तेव्हा माझा. मग भीती वाटली. ऑपरेशनला नेताना नव्हती वाटली इतकी. त्या दोन गाठी आठवल्या, आणि आत काय चाललं असेल असा विचार आला. तक्ता गुंडाळून खुर्चीवर ठेवला.

काउंटरला पुन्हा फोन केला. ‘सात मेच्या आधी जागा नाही,’ म्हणाली. फार घाई असेल तर सत्तावीसला सकाळी येऊन डॉक्टरांना प्रत्यक्ष भेटा, ते ठरवतील. म्हणजे डॉक्टरांसमोर उभं राहून सांगायचं, की मोजताना माझी चूक झाली, मला मधे घुसवा. रांग मोडून पुढं घ्या असं मी आयुष्यात कोणाला म्हटलेलं नाही. म्हणणाऱ्यांना मात्र पुष्कळ वेळा परत पाठवलंय.

तुझं बरोबर होतं.

ताई


२६ एप्रिल

धाकट्या,

उद्या नऊ वाजता, दुसरा मजला, केमोचा बाह्यरुग्ण विभाग. येऊ नकोस. शाळा चालू आहे, बदली ड्रायव्हर मिळणार नाही, आणि एवढ्या लांब यायचं काही कारणही नाही.

तरी आलासच, तर पाचच्या गाडीनं ये. साडेआठला पाच कमी असताना पोचते.

ताई


३० एप्रिल

धाकट्या,

तू काल संध्याकाळच्या गाडीनं गेलास. एवढं सगळं तोंडानं बोलता आलं असतं, पण आपण तीन दिवस हवापाण्याच्या गोष्टी केल्या आणि कोपऱ्यावरच्या दुकानातला चहा किती पांचट झालाय यावर तासभर वाद घातला. तेव्हा राहिलेलं आता लिहिते.

परवाच्या आदल्या दिवशी दुसऱ्या मजल्यावर लिफ्ट उघडली आणि तू बाकावर बसलेला दिसलास. केस पांढरे झालेत तुझे. मला कोणी कळवलं नव्हतं. तू उठून म्हणालास, ‘उशीर झाला तुला.’ घड्याळात नऊला चार कमी होते. मी म्हटलं, ‘चार मिनिटं आहेत अजून.’

आत गेलो. डॉक्टर कोवळे, माझ्या निम्म्या वयाचे. कागद उलटत म्हणाले, ‘बाई, जखम वीस तारखेला सुकली आणि तुम्ही चौदा मेची तारीख घेतलीत? इतक्या उशिराची का?’ मी रात्रभर उत्तर घोकलं होतं. आणि ऐन वेळी मी, जी भर मीटिंगमध्ये साहेबाला गप्प करते, ती नुसती पर्सचा पट्टा चाळवत बसले.

आणि तू बोललास. तुला कोणी विचारलं नव्हतं. मागच्या खुर्चीतून उठलास आणि म्हणालास, ‘डॉक्टर, हिनं बत्तीस वर्षं अख्ख्या डेपोच्या गाड्यांच्या वेळा बसवल्यात. एक चुकली नाही. ही पहिलीच चूक आहे, आणि तीसुद्धा प्रवाशांच्या वेळेत नाही, स्वतःच्या. तिला मोजायची सवय आहे तशी तिनं मोजली. आता तुम्ही सांभाळून घ्या.’

डॉक्टरांनी कॅलेंडर पुढं ओढलं. मग म्हणाले, ‘एका दिवसानं आभाळ कोसळत नाही, पण आणखी दोन आठवडे गेले असते तर मला नसतं आवडलं.’ रक्त तपासायला दिलं, आणि अठ्ठावीसला सकाळी खिडकीजवळची खुर्ची दिली. पंचावन्नावा दिवस. एक दिवस राखून.

सलाइन लावताना नर्सनं विचारलं, ‘हे कोण?’ मी म्हटलं, ‘माझा धाकटा भाऊ. शाळेची बस चालवतो. एक मूल मागं ठेवत नाही.’ कोणी विचारलं नसतं तरी सांगितलं असतं. पलीकडच्या खुर्चीतल्या बाईलाही सांगितलं. ती झोपली होती, तरी सांगितलं. तू डबा धुवायला गेला होतास म्हणून ऐकलं नाहीस.

आता मुद्द्याचं. हे सहा वर्षं कोणालाच सांगितलेलं नाही.

चौकशीच्या दिवशी तू बाहेर बसला होतास. साहेबांनी वेळ विचारली, मी सांगितली. ती खरी होती आणि त्याबद्दल मी माफी मागणार नाही. पण त्यानंतर साहेबांनी पेन खाली ठेवलं आणि विचारलं, ‘आणखी काही सांगायचं आहे का, बाई?’ ते माझ्याकडे बघून थांबले होते. त्यांना काहीतरी ऐकायचं होतं. माझ्या मांडीवर तुझी फाईल होती. एकोणीस वर्षांच्या तुझ्या गाड्या सुटण्याच्या वेळा. त्या एका सकाळीखेरीज एकही गाडी तू लवकर काढली नव्हतीस. अख्ख्या डेपोत दुसऱ्या कोणाची अशी फाईल नव्हती. मला ती तोंडपाठ होती, धाकट्या. अभिमानानं पाठ केली होती.

मी म्हटलं, ‘नाही.’

बहीण म्हणून भावाची बाजू घेतली, असं कोणी म्हणू नये म्हणून. त्याला मी सहा वर्षं कडक शिस्त म्हणत आले. शिस्त कसली, नुसता तोरा होता. तुझ्यासाठी बोलण्यात खोटं काही नव्हतं. ती एकोणीस वर्षंही सहा-दहाइतकीच खरी होती. मी अर्धं खरं सांगितलं आणि पुरं सांगितल्यासारखी मान ताठ ठेवून बाहेर आले. तुझ्यासमोरून गेले. तू उठून उभा राहिलास आणि मी थांबले नाही.

त्या दिवशी डॉक्टरांसमोर तू न विचारता बोललास. मला विचारलं होतं, तरी मी बोलले नाही. सलाइन चार तास चालली, तेवढा वेळ दुसरं काही डोक्यात नव्हतं. तू विचारलंस, ‘दुखतंय का?’ मी म्हटलं, ‘सुईचं.’ ते सुईचं नव्हतं.

माझं चुकलं. हे चांगल्या अक्षरात लिहिते आहे.

आज सकाळी ऑफिसला अर्ज पाठवला. तुझ्या फाईलला लावायला. त्यात त्या एकोणीस वर्षांच्या सगळ्या नोंदी काढून दिल्यात, खाली लिहिलंय की ही माहिती चौकशीच्या वेळी माझ्याकडे होती आणि मी दिली नाही, आणि सही केली आहे. नोकरी परत मिळणार नाही, मला माहीत आहे. पण ती फाईल जो कोणी उघडेल त्याला कळेल की तू कसा ड्रायव्हर होतास. रेडिओला अर्जाची प्रत वाचायला दिली आहे, त्यामुळे संध्याकाळपर्यंत सगळ्या डेपोला कळलेलं असेल. मुद्दामच दिली.

औषधाचं म्हणशील तर गार काही हाताला लागलं की बोटांत झिणझिण्या येतात. सकाळी नळाखाली हात धरला आणि ओरडलेच. जेवण जात नाही, पण ताटात काही टाकत नाही. तक्ता दहा तारखेला पुरा होणार नाही. साहेबांना तसं कळवलं. ‘काही हरकत नाही,’ म्हणाले. पहिल्यांदाच माझ्याकडून काहीतरी उशिरा जातंय आणि गंमत म्हणजे मला झोप चांगली लागली.

दुसरी सलाइन एकोणीस मेला आहे, नऊ वाजता. मी तीन वेळा कागद बदलला, कारण दर वेळी पेन आपोआप लिहायला लागलं की काम असेल, जमलं तर बघ, नाही आलास तरी चालेल.

चालणार नाही. मला एकटीला भीती वाटते. ये.

तुझी
ताई